टिपणांचे ज्ञानभांडार : जबलपूरच्या एका मणक्यापासून घ्यावयाचा धडा

१. हाड आणि चिठ्ठी

जबलपूर शहरात बडा शिमला नावाची एक लहान टेकडी आहे. १८२८ साली त्या परिसरात विल्यम हेन्री स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्यास काही अश्मीभूत हाडे सापडली. ती कोणत्या प्राण्याची आहेत हे ओळखण्याचे साधन त्या वेळी कोणापाशीच नव्हते. 'डायनोसॉर' हे नाव इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये सुचविले. म्हणजे जबलपूरची हाडे त्या नावाच्या चौदा वर्षे आधी जमिनीतून वर आली होती. स्लीमन यांजकडून ती डॉ. स्पिल्सबरी यांजकडे गेली आणि तेथून कलकत्त्यास, ब्राह्मी लिपीच्या उलगड्यासाठी पुढे विख्यात झालेल्या जेम्स प्रिन्सेप यांजकडे पोहोचली. पुढे ह्यू फॉल्कनर यांनी त्यांचे वर्णन लिहिले व ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नाव दिले. भारतात प्रथम सापडलेला डायनोसॉर तो हाच.

यानंतरचा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. ज्या मणक्यांवरून हे नाव पडले ते कालांतराने कोठे ठेवले गेले याचा माग लागेनासा झाला. चित्रे होती, वर्णने होती. परंतु मूळ वस्तू कोणत्या कपाटात आहे हे सांगणारा धागा तुटला होता. अभ्यासकांनी तो नमुना हरवला असे गृहीत धरले. अखेर २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि सुभाषिस सेन या भूवैज्ञानिकांना त्यांपैकी शेपटीचा एक मणका कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच मिळाला, आणि २०१३ मध्ये त्यांनी जेफ्री विल्सन यांच्यासह ही हकीकत प्रसिद्ध केली. मणका नाहीसा झाला नव्हता. तो कोठे आहे याचे ज्ञान तेवढे नाहीसे झाले होते.

जी गोष्ट हाडांची, तीच आपल्या वाचनाची व विचारांचीही होय. एखाद्या पुस्तकातील महत्त्वाचे विधान, प्रयोगशाळेत दिसलेला एखादा अनपेक्षित रंग, व्याख्यानात ऐकलेला एखादा मुद्दा, यांपैकी पुष्कळसे आपण कोठे ना कोठे लिहून ठेवतो. ते नष्ट होत नाही. परंतु पाहिजे त्या वेळी हाती येत नाही. जे हाती येत नाही ते असून नसल्यासारखेच. ही उणीव भरून काढण्यासाठी संगणकावरील टिपणांच्या आज्ञावलीचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा, उपयोग कसा करावा, हे या पाठात सांगावयाचे आहे.

२. साखळीतील कच्चा दुवा

टिपणे सापडणे एवढेच पुरेसे नाही. ती विश्वासार्ह असावयास हवीत. याचे उदाहरणही जबलपूरच्याच इतिहासात, आणि आश्चर्य असे की त्याच स्लीमन यांच्या कार्यात आढळते.

१८३० च्या दशकात स्लीमन यांनी जबलपूर येथे राहून ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम चालविली. पकडलेल्या माणसांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्यांच्या जबान्या घेण्यात आल्या. एका जबानीतील नावे दुसरीत शोधावयाची, दोन्हींचा मेळ घालावयाचा, कोणाचा बाप कोण व भाऊ कोण यांच्या वंशावळी मांडावयाच्या, आणि या लोकांच्या सांकेतिक शब्दांचा कोश तयार करावयाचा, अशी ती पद्धत होती. हा कोश आणि त्यासोबतची माहिती 'रामासीआना' या नावाने १८३६ मध्ये कलकत्त्यास छापली गेली. नोंदी परस्परांशी जोडल्या म्हणजे त्यांतून एकट्या नोंदीत नसलेले चित्र उभे राहते, हे तत्त्व येथे पुरेपूर वापरलेले दिसते.

परंतु त्या चित्रावर विश्वास किती ठेवावा याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. माफीचा साक्षीदार जे सांगतो त्यावर त्याचे स्वतःचे प्राण अवलंबून असतात. त्याने प्रश्नकर्त्यास हवे ते सांगितले नसेल असे कसे म्हणावे? शंभर जबान्या एकमेकींशी जुळल्या, तरी त्या सर्वांमागे एकच भय आणि एकच अपेक्षा असेल, तर ते जुळणे म्हणजे स्वतंत्र पुरावा नव्हे. या नोंदींच्या आधारे माणसे फासावर गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे नोंदीचा उगम लिहून ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

या दोन कथांतून दोन नियम निघतात. पहिला : जी नोंद पुन्हा सापडणार नाही ती केल्याचे समाधान मानू नये. दुसरा : जिचा उगम ठाऊक नाही त्या नोंदीवर दुसरी नोंद रचू नये. पुढील सर्व विवेचन या दोन नियमांचाच विस्तार आहे.

३. कागदी चिठ्ठ्यांपासून संगणकापर्यंत

सुट्या चिठ्ठ्यांवर ज्ञान साठविण्याची रीत जुनी आहे. मराठी वाचकांस जवळचे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे आहे. तेथे १९४८ मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द, त्यांचे संदर्भ व अर्थ टिपून घेण्यात आले आणि जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह उभा राहिला. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठी लिहिणारा आणि तिचा उपयोग करणारा यांच्यात पिढ्यांचे अंतर पडले, तरी काम थांबले नाही. कारण प्रत्येक चिठ्ठीवर शब्द कोठून घेतला हे लिहिलेले होते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी हीच पद्धत एकट्याने चालविली. त्यांच्या लाकडी खणांत सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या साठल्या होत्या. त्यांची विशेषता अशी की, चिठ्ठ्या विषयवार न लावता प्रत्येकीस एक कायमचा क्रमांक दिलेला असे, आणि एका चिठ्ठीत दुसरीचा क्रमांक लिहून दोघींमध्ये दुवा जोडलेला असे. विषयवार रचनेत एक चिठ्ठी एकाच खणात राहू शकते. दुव्यांच्या रचनेत तीच चिठ्ठी दहा ठिकाणांहून गाठता येते.

यंत्राच्या साहाय्याने असे दुवे जोडण्याची कल्पना अमेरिकन अभियंता व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मधील एका लेखात मांडली होती. माणसाचे मन वर्णानुक्रमाने चालत नसून एका विचारावरून दुसऱ्याकडे उडी घेते, तेव्हा संग्रहाची रचनाही तशीच असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी कल्पिलेले 'मेमेक्स' नावाचे यंत्र प्रत्यक्षात कधी बनले नाही. तथापि आज कोणाही विद्यार्थ्याच्या संगणकावर वा फोनवर चालणाऱ्या टिपणांच्या आज्ञावल्या त्याच कल्पनेच्या वारस आहेत.

४. आज्ञावली निवडताना

अशा आज्ञावल्या आज अनेक आहेत. ऑब्सिडियन, लॉगसेक व जॉप्लिन या टिपणे लिहून ती जोडण्यासाठी आहेत. २००६ पासून उपलब्ध असलेली झोटेरो ही ग्रंथ व निबंध यांच्या संदर्भांची नोंद ठेवण्यासाठी आहे. नावे बदलत राहतील, म्हणून नावापेक्षा कसोटी लक्षात ठेवणे श्रेयस्कर. त्या कसोट्या चार आहेत.

पहिली कसोटी मालकीची. टिपणे आपल्या स्वतःच्या संगणकावर, साध्या मजकुराच्या संचिकांमध्ये म्हणजे फाइलींमध्ये राहतात काय? साधा मजकूर कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही आज्ञावलीने उघडता येतो. जी आज्ञावली स्वतःच्या गुप्त स्वरूपात मजकूर साठविते, ती बंद पडली म्हणजे टिपणेही कुलूपबंद होतात. गूगलची 'नोटबुक' नावाची सेवा २००९ नंतर पुढे वाढविली गेली नाही आणि २०१२ मध्ये बंद झाली. त्या वेळी टिपणे दुसऱ्या सेवेत हलविली गेली, ही गोष्ट खरी; परंतु प्रत्येक वेळी असे होईलच याची हमी कोण देणार?

दुसरी कसोटी दुव्याची. एका टिपणात दुसऱ्याचे नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिले की दोघांत दुवा पडावा, आणि दुसरे टिपण उघडल्यावर 'या टिपणाकडे कोठून कोठून दुवे येतात' हे आपोआप दिसावे. हा उलटा दुवा कागदी चिठ्ठीत हाताने लिहावा लागे. संगणक तो विनासायास दाखवितो.

तिसरी कसोटी शोधाची. संपूर्ण संग्रहात कोणताही देवनागरी शब्द शोधता आला पाहिजे. चौथी कसोटी साधेपणाची. ज्या आज्ञावलीची सजावट करण्यातच आठवडा जातो ती अभ्यासाची साधनसामग्री नसून करमणुकीची वस्तू होय.

५. टिपणांचे तीन प्रकार

नवशिक्याची चूक बहुधा एकच असते : तो सर्व प्रकारचा मजकूर एकाच टिपणात ओततो. त्याऐवजी तीन प्रकार वेगळे ठेवावेत.

पहिला प्रकार निरीक्षण-टिपणाचा. जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले किंवा उपकरणाने मोजले, तेवढेच यात लिहावयाचे. तारीख, स्थळ व पाहणारा यांचा उल्लेख अवश्य असावा. समजा, जबलपूरचा एखादा भूशास्त्राचा विद्यार्थी नर्मदाकाठी गेला. ज्या घाटावरून 'लमेटा थर' हे नाव पडले तो लमेटा घाट शहरापासून जवळच आहे. त्याचे टिपण असे असू शकेल :

'स्थळ : लमेटा घाट, नर्मदेचा उजवा काठ. खाली हिरवट वाळूखडक. त्यावर फिकट रंगाचा चुनखडक. दोहोंमधील सीमा स्पष्ट दिसली नाही. छायाचित्रे तीन, क्रमांक जोडले आहेत.'

यात अनुमान एकही नाही. 'सीमा स्पष्ट दिसली नाही' हे वाक्य मात्र आहे, आणि तेही निरीक्षणच होय. स्लीमन यांस आपण काय उचलतो आहोत हे ठाऊक नव्हते. म्हणून त्या वेळी हाडाचे स्थळ व वर्ष यांची जी नोंद राहिली तिचेच मोल पुढे वाढले. आज ज्याचा अर्थ लागत नाही त्याचे निरीक्षण उद्या कामास येते. आज घाईने केलेले अनुमान मात्र उद्या चुकीचे ठरण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार संदर्भ-टिपणाचा. एखादा ग्रंथ वा निबंध वाचला म्हणजे लेखक, शीर्षक, वर्ष व पृष्ठ यांसह त्यातील मुद्दे स्वतःच्या शब्दांत लिहावेत. चार्ल्स मॅटली यांनी १९२१ मध्ये जबलपूरच्या लमेटा थरांवर निबंध लिहिला. पुढे १९३३ मध्ये त्यांनी व जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांनी तेथील डायनोसॉरांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. या दोन ग्रंथांची दोन संदर्भ-टिपणे व्हावीत. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतले असल्यास त्यांस अवतरणचिन्हे द्यावीत. तसे न केल्यास सहा महिन्यांनंतर आपले वाक्य कोणते व त्यांचे कोणते, हे ओळखणे अशक्य होते.

तिसरा प्रकार विचार-टिपणाचा. यात एकच कल्पना, एकाच परिच्छेदात, पूर्ण वाक्यांत मांडावयाची असते. त्याचे शीर्षक विषयाचे नाव नसून विधान असावे. 'लमेटा थर' हे शीर्षक कपाटासारखे आहे. त्यात काहीही कोंबता येते. 'जबलपूर येथे लमेटा थर डेक्कन ट्रॅपच्या लाव्हाखडकांखाली आहेत' हे शीर्षक विधान आहे. त्याच्या बाजूने पुरावा देता येतो, विरुद्ध पुरावा शोधता येतो, आणि दुसऱ्या विधानाशी त्याचा संबंध जोडता येतो. जसे, 'हे लाव्हाखडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून बनले' या विधानाशी ते जोडले की, 'लमेटा थरांतील प्राणी उद्रेकाच्या या भागातील प्रवाहांपूर्वी जगत होते' हे तिसरे विधान आपोआप सुचते. ज्ञानभांडार वाढते ते अशा रीतीने.

६. दुवा आणि दुरुस्ती

दुवा जोडताना केवळ नाव लिहून थांबू नये. संबंध कोणता हेही एका वाक्यात लिहावे. 'या विधानाचा पुरावा पाहा', 'याच्या विरुद्ध मत पाहा', 'हीच प्रक्रिया दुसऱ्या ठिकाणी पाहा' असे शब्द असले म्हणजे पुढे दुवा अनुसरणाऱ्यास कारण कळते. कारणाविना जोडलेले दुवे जाळ्यासारखे दिसतात खरे, परंतु त्यात काहीच सापडत नाही.

संग्रहात पन्नासएक टिपणे झाली की एखाद्या विषयाची सूची तयार करावी. तिला चौथे टिपण म्हणण्यापेक्षा ग्रंथाची अनुक्रमणिका म्हणणे अधिक योग्य. 'जबलपूरचे डायनोसॉर' या सूचीत पाच-सात विचार-टिपणांचे दुवे क्रमाने येतील, आणि क्रम लावतानाच कोणती कडी गळली आहे हे ध्यानात येईल. लेख किंवा प्रबंध लिहावयाचा झाल्यास हीच सूची त्याचा आराखडा होते.

टिपणे एकदा लिहून संपत नाहीत. टायटॅनोसॉरस इंडिकस याचेच पाहा. त्याचे शेपटीचे मणके पुढून खोलगट व मागून फुगीर होते, आणि १८७७ मध्ये हे लक्षण नवे नाव देण्यास पुरेसे वाटले. पुढे जगाच्या इतर भागांतून तशाच मणक्यांचे अनेक प्राणी सापडले. जे एका प्राण्याचे लक्षण वाटले ते एका संपूर्ण गटाचे लक्षण ठरले. त्यामुळे २००३ मध्ये झालेल्या फेरतपासणीत हे नाव संशयास्पद मानले गेले. आता विद्यार्थ्याने जुने टिपण पुसून टाकावे काय? मुळीच नाही. जुन्या विधानाखाली वर्ष घालून नवे विधान लिहावे व दोहोंमधील बदलाचे कारण द्यावे. ज्ञान कसे बदलले हे समजणे हेसुद्धा ज्ञानच होय.

७. देवनागरीतील शोध

मराठीत टिपणे ठेवणाऱ्यास काही अडचणी विशेषत्वाने येतात. त्यांची माहिती आधीच असलेली बरी, कारण इंग्रजी पुस्तिकांतून त्या सांगितलेल्या नसतात.

पहिली अडचण विभक्तीची. 'जबलपूर' हा शब्द शोधला असता 'जबलपुरात' असे लिहिलेले टिपण सापडत नाही, कारण दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झालेला असतो. 'मणका' शोधल्यास 'मणक्याचा' सापडत नाही. उपाय दोन आहेत. शोधताना शब्दाचा न बदलणारा आरंभच लिहावा. 'मणक' एवढेच लिहिल्यास दोन्ही रूपे मिळतात. आणि प्रत्येक टिपणाच्या शेवटी खुणशब्दांची एक ओळ ठेवून तीत शब्द मूळ रूपात लिहावेत : 'खुणशब्द : जबलपूर, मणका, लमेटा थर.'

दुसरी अडचण नावांच्या रूपांची. जुन्या ग्रंथांत जबलपूरचे 'जब्बलपोर' व नर्मदेचे 'नर्बुडा' अशा वळणाचे इंग्रजी लेखन आढळते. स्थळाच्या टिपणात ही सर्व पर्यायी रूपे लिहून ठेवावीत. बहुतेक आज्ञावल्यांत त्यासाठी सोय असते.

तिसरी अडचण संकेतांकांची. संगणकाच्या दृष्टीने अक्षर म्हणजे एक अंक असतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरी लिपीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. तथापि काही अक्षरे दोन प्रकारांनी लिहिता येतात. 'दुसऱ्या' या शब्दातील रकार दोन निरनिराळ्या संकेतांक-मालिकांनी उमटविता येतो. 'ॲ' हे अक्षर एकाच संकेतांकाने किंवा 'अ' व त्यावरील अर्धचंद्र अशा दोन संकेतांकांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात. यंत्रास मात्र ती भिन्न वाटू शकतात. म्हणून शक्यतो एकाच कळफलकाने लिहावे, आणि अपेक्षित टिपण न सापडल्यास ते नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये.

चौथी अडचण सर्वांत गंभीर. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, व काही छापखान्यांत त्यानंतरही, निरनिराळ्या कंपन्यांचे स्वतंत्र फाँट वापरले जात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. ज्यांच्याजवळ असे जुने लेखन आहे त्यांनी ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुळाशी ताडून, मगच संग्रहात घ्यावे. विलंब केल्यास तो फाँट व तो जाणणारा मनुष्य ही दोन्ही दुर्मीळ होत जातील. संग्रहात पडून असलेल्या परंतु ओळख हरवलेल्या मणक्याहून या मजकुराची दशा फारशी निराळी नसते.

८. साठवण म्हणजे शिक्षण नव्हे

संगणकावर मजकूर उचलून चिकटविणे अत्यंत सोपे आहे, आणि धोका तेथेच आहे. दोन क्षणांत दहा पृष्ठे संग्रहात येतात, व ती आली म्हणजे वाचली असा भास होतो. हाताने चिठ्ठी लिहिणारा निदान काय लिहावे व काय गाळावे याचा विचार करी. यंत्राने तो विचार अनावश्यक करून टाकला आहे.

या बाबतीत रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून नंतर स्मरणाने लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. परंतु एका आठवड्यानंतरच्या परीक्षेत स्मरणाने लिहिणाऱ्यांना अधिक आठवले. यावरून टिपण करण्याची योग्य रीत निघते : प्रकरण वाचून पुस्तक मिटावे, मुख्य मुद्दा आपल्या शब्दांत लिहावा, आणि मगच पुस्तक उघडून तो ताडून पाहावा. टिपणे पुन्हा पाहतानाही आधी शीर्षक वाचून मजकूर आठवावा, नंतर टिपण उघडावे.

आता तर मजकुराचा सारांश करून देणारी यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. त्यांचा उपयोग करण्यास हरकत नाही. मात्र यंत्राने दिलेले विधान हे माफीच्या साक्षीदाराच्या जबानीसारखे समजावे. ते खरे असू शकेल. परंतु मूळ ग्रंथाशी ताडल्याशिवाय त्यास विचार-टिपणाचा दर्जा देऊ नये, आणि ते यंत्रापासून आले असा उल्लेख टिपणातच करून ठेवावा.

९. जतन

संग्रह जितका मोठा, तितकी त्याच्या नाशाची हानी मोठी. यासाठी एक साधा नियम सर्वत्र मानला जातो : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणकावर एक, बाहेरील डिस्कवर दुसरी, आणि नातेवाइकांच्या घरी किंवा दूरस्थ साठवणीत तिसरी, अशी व्यवस्था कोणासही करता येईल. वर्षातून एकदा प्रत उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही ती प्रत नव्हे.

याखेरीज संग्रहाच्या आरंभी 'आधी हे वाचा' अशा शीर्षकाचे एक टिपण ठेवावे. टिपणांचे प्रकार कोणते, नावे कशी दिली आहेत, छायाचित्रे कोठे आहेत, प्रती कोठे आहेत, एवढे त्यात एका पृष्ठात लिहावे. हे टिपण लिहिणाऱ्यासाठी नसून त्याच्या माघारी येणाऱ्यासाठी असते. एखादा शिक्षक तीस वर्षे एका नदीकाठची झाडे टिपतो, एखादी गृहिणी घराण्यातील औषधी व पाककृती लिहून ठेवते. त्या नोंदींचा दुसऱ्या कोणास उपयोग होणार की नाही हे बहुतेक वेळा या एका पृष्ठावर अवलंबून असते.

१०. अभ्यास

१. स्वतःच्या वहीतील किंवा फोनमधील कोणतीही दहा टिपणे घ्या. त्यांपैकी किती टिपणांत तारीख आहे, किती टिपणांत उगम आहे आणि किती टिपणांत दोन्ही नाहीत, हे मोजा.

२. आपल्या गावातील एखादी टेकडी, विहीर किंवा झाड निवडून त्याचे निरीक्षण-टिपण लिहा. लिहून झाल्यावर त्यातील प्रत्येक अनुमान अधोरेखित करा व ते वेगळ्या टिपणात हलवा.

३. विषयनावाचे शीर्षक असलेले एक जुने टिपण घेऊन त्यातून तीन विधाने निवडा आणि प्रत्येकाचे स्वतंत्र विचार-टिपण करा. तिन्हींमधील संबंध एकेका वाक्यात लिहा.

४. आपल्या संग्रहात 'पुस्तक', 'पुस्तकात' आणि 'पुस्तकांचे' हे शब्द एकाच शोधाने सापडतात काय ते पाहा. त्यानंतर 'पाऊस' आणि 'पावसात' या शब्दांचा तसाच शोध घ्या. दोन्हींतील फरकाचे कारण सांगा.

५. एखादे विधान, जे पूर्वी आपणास खरे वाटत होते व आता वाटत नाही, त्याचे टिपण लिहा. मत केव्हा बदलले आणि कोणत्या पुराव्याने बदलले, याची नोंद करा.

हे पाचही पाठ करावयास एक आठवडा पुरेसा आहे. त्यानंतर रोज एक टिपण एवढाच नेम ठेवला, तरी वर्षाखेरीस साडेतीनशेहून अधिक टिपणे होतील. आणि त्यांपैकी प्रत्येक टिपण कोठे आहे, कोठून आले व कशाशी जोडलेले आहे हे सांगता येईल.